मागून घातलेले कपडे

बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी एकही कपडा विकत घेतला नाही, असं त्या सांगायच्या. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. एका वर्षीच्या मुलांना त्यांनी सांगितलं होतं की त्यांचे आजोबा नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. आमच्या वर्षाला सांगितलं की आजोबा कंपनीच्या कपडेपटात शिंपी होते. आमच्या आधीच्या एका मुलाची तर खात्री होती की ते मिरजेला फौजदार होते आणि नाटकं बंद पाडायचे. मी एकदा धीर करून विचारलं, की बाई, यातलं नक्की कोणतं? त्या म्हणाल्या, "तू आज कोणते आजोबा मागायला आलीस, त्यावर आहे."

कपड्यांचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बहारीनमधून माणसं सतत जात असतात. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, कुणाला कॅनडा लागतो, कुणाचे आईवडील गावी आजारी पडतात. जाणारा माणूस सोफा विकतो, कुंड्या शेजाऱ्यांना देतो, मसाल्याचे डबे कुणाच्या तरी दारात ठेवतो. अशा माणसाकडे बाई जायच्या, चहा घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही जो सगळ्यात जास्त घातलात तो एक कपडा मला द्या. चांगल्यातला नको. आणि मग विचारायच्या, हा घातल्यावर लोक तुमच्याशी कसं बोलायचे?

दुसऱ्या दिवशी तो कपडा त्यांच्या अंगावर असायचा. हिशेब खात्यातले मल्याळी सर गेले तेव्हा त्यांचा तपकिरी कोट घालून बाई वर्गात आल्या. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. "आज मी हिशेब खातं आहे," त्या म्हणाल्या, "आणि सांगते, झेरॉक्सवाल्यानं मला रांगेत उभं केलं नाही."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी ते लिहून घेत होते. मी तेव्हा सगळंच लिहून घ्यायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हसण्यासारखं काय आणि परीक्षेत येण्यासारखं काय, यातला फरक मला लगेच कळायचा नाही.

बाई आम्हाला चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं शिकवायच्या. आमच्या कॉलेजात बहुतेक मुलं अकाउंट्स आणि मॅनेजमेंटची, त्यामुळे इंग्रजीच्या वर्गात आम्ही मोजकेच होतो. त्या नाटकांत मला पहिल्यांदा एक गोष्ट पटायचीच नाही. मुलगी पुरुषाचे कपडे घालते आणि तिचा नवरा, बाप, भाऊ कुणीच तिला ओळखत नाही. एवढी माणसं आंधळी कशी? बाई म्हणाल्या, आंधळी नाहीत. त्या काळी कोणी कोणतं कापड घालायचं याचे कायदे होते. मखमल कुणाची, रेशीम कुणाचं, अमुक रंग कुणाचा, हे ठरलेलं. नोकराच्या अंगावर धन्याचा रंग असायचा, आणि तो पाहूनच कळायचं की हा कुणाचा माणूस. त्यामुळे लोक तोंडाकडे बघतच नसत. "कपडा आधी खोलीत शिरतो," त्या म्हणाल्या, "माणूस मागून येतो. आला तर."

आणि नट मंडळी? ती तर कायद्यानं जवळजवळ भटकी. पण सरदार मेला की त्याचे उंची कपडे नोकराला मिळायचे, नोकराला ते घालणं शोभायचं नाही, म्हणून तो ते नटांना विकायचा. म्हणजे रंगमंचावरचा राजा खऱ्या सरदाराच्या कोटात उभा असायचा, आणि राणी म्हणजे आवाज न फुटलेला एक मुलगा. हे सांगताना बाईंचे डोळे चमकायचे. मला वाटायचं, ही गोष्ट त्या फक्त मला सांगताहेत. मग मी बाजूला बघायचे, तर रेवाही तशीच पुढे झुकून ऐकत असायची.

रेवाबद्दल सांगायला हवं. तिचे वडील पुण्याचे, इथं बँकेत मोठ्या जागेवर. बुदैया रस्त्याला त्यांचा व्हिला. ती शाळेपासून इंग्रजीत शिकलेली. मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. ती बाईंना सरळ नावानं हाक मारायची, त्यांच्या बोलण्यात मध्येच बोलायची आणि बाईंना ते आवडायचं. मी हात वर करून थांबायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

बाई इथंच राहणाऱ्यांकडूनही कधीकधी कपडा मागायच्या, पण क्वचित. कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमन चाचांचा मफलर त्यांनी मागितला होता. बाईंनी मागणं म्हणजे त्यांनी तुम्हाला पाहिलं, असा आमच्यात एक अर्थ झाला होता. रेवाचं जीन्सचं जाकीट त्यांनी दुसऱ्याच महिन्यात मागितलं. ते घालून त्या आठवडाभर हिंडल्या. वय साठीचं, केस पांढरे आणि पाठीवर चमकीचं फुलपाखरू.

मी रोज एक करडा स्वेटर घालायचे. आमच्या वर्गात एसी फार गार असायचा. त्या स्वेटरच्या छातीवर बर्फाचा छोटा डोंगर विणलेला होता. झल्लाकच्या ज्या रिसॉर्टवर बाबा ड्रायव्हर आहेत, तिथं तो एका पाहुण्याचा राहून गेला होता. बरेच दिवस कुणी मागायला आलं नाही, म्हणून मॅनेजरनं बाबांना दिला. वर्गातल्या मुली विचारायच्या, तू तिथं गेलीस का, स्कीइंग केलंस का. मी "हं" म्हणायचे, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. पहिल्या दिवशी बाईंनी त्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं होतं. मला वाटलं, आता मागतील. त्यांनी खडू उचलला.

अदलियात एका कॅफेच्या वर बाईंचा छोटा फ्लॅट होता. मी तिथं निबंध द्यायला जायचे. खिडकीला पडदे नव्हते, हँगर होते. त्यावर गेलेल्या माणसांचे कोट, अंगरखे, एका पायलटच्या बायकोचा काफ्तान, कुणा डॉक्टरचा पांढरा डगला. बसायला खुर्ची नसायची, कारण खुर्चीवर कुणीतरी लोंबत असायचं. खालून कॉफीचा वास यायचा. मी उभीच राहायचे आणि नजरेनं हँगरांवर शोधायचे, फुलपाखरू कुठे आहे. ते नेहमी खिडकीच्या मधोमध असायचं.

दुसऱ्या वर्षी इथल्या मराठी मंडळींनी दिवाळीनंतरच्या कार्यक्रमासाठी बाईंना काहीतरी बसवायला सांगितलं. बाईंनी त्या जुन्या नाटकांतला एक प्रसंग मराठीत केला. सरदाराची मुलगी घरातून पळून जाते, नोकराचा वेष घेते आणि एक निरोप घेऊन स्वतःच्याच घरी येते. बाप तिला ओळखत नाही. तो विचारतो, "कुणाचा माणूस तू?" ती म्हणते, "ज्यानं अंगावर कपडा घातला त्याचा, सरकार." तो म्हणतो, "मागच्या दारानं जा." एवढंच.

मला ते काम हवं होतं. इतकं काही मी कधी मागितलं नव्हतं, आणि हेही मी तोंडानं मागितलं नाही. पण दोघांचेही संवाद मी पाठ केले. भांडी घासताना म्हणायचे, आरशापुढे म्हणायचे. मराठी काम, वर्गात मराठी धड बोलणारी मी. मला वाटलं, हे तरी माझ्याकडे येईल.

बाईंनी ते रेवाला दिलं. मला सरदार केलं.

माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "वेष पालटलेल्या माणसाला भाषा परकीच वाटायला हवी. रेवाला ती आहेच. तुला हुकूम करता येत नाही, म्हणून तू हुकूम कर."

हे कारण पटण्यासारखं होतं, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांचा नियम. कपडे विकत आणायचे नाहीत, भाड्यानं आणायचे नाहीत. ज्याचा कपडा त्याच्याकडून स्वतः मागायचा आणि तो प्रश्न विचारायचा. मी सरदार, तेव्हा मी रेवाच्या वडिलांचा कोट मागायचा. रेवा नोकर. तिनं माझ्या वडिलांकडे जायचं. बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू आमच्या दोघींच्या वडिलांची वर्षानुवर्षांची ओळख होती.

बुदैयाला मी गेले. रेवाच्या वडिलांनी मला सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं, कॉलेजची चौकशी केली. अगदी साधे गृहस्थ. प्रश्न विचारला तेव्हा ते हसले. म्हणाले, कोट घातला की लोक आधी 'सर' म्हणतात, मग काय म्हणायचंय ते ठरवतात. कुठला कोट नेऊ, विचारलं तर म्हणाले, कुठलाही ने, बेटा. कपाट उघडलं. मी त्यातला बंद गळ्याचा निळा निवडला. तो गेल्यानं कपाटात काही कमी झाल्यासारखं दिसलं नाही. घरी येईपर्यंत मी तेवढाच विचार करत होते, की त्या कपाटाला कळलंसुद्धा नाही.

बाबांचे युनिफॉर्म दोन. गडद निळा कोट, पितळी बटणं, टोपी. एक अंगावर, एक दोरीवर. कोटाचं खालचं बटण कायम ढिलं, म्हणून उभे असताना बाबांचा डावा अंगठा त्यावर असतो. आता बटण घट्ट शिवलेलं असलं तरी असतो.

रेवा आमच्याकडे कधी येणार, हे मला आधी कळलंच नाही. एका शुक्रवारी तालमीला मी कोट घालून बाहेर आले, तर कॉलेजच्या हॉलमध्ये बाबा होते. त्यांना सुट्टी होती. रेवानं फोन करून त्यांना बोलावलं होतं. तिनं त्यांचा दुसरा युनिफॉर्म घातला होता. बाबा तिला उभं राहायला शिकवत होते, गाडीचं दार कोणत्या हातानं उघडायचं, पाहुण्याच्या नजरेला नजर कधी द्यायची. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, पोरीसारख्या.

मी पडद्यापाशीच थांबले. रेवा तिच्या मोडक्या मराठीत विचारत होती, "काका, हे घातल्यावर लोक कसे बोलतात?"

"बोलत नायत," बाबा म्हणाले. "पाठी बसून आपापसात बोलतात. आपण नाय असं समजून. ते पण बरं असतं. खूप कळतं."

मग बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही कधी दुसऱ्याचा कपडा घातलात का? आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

सोळा-सतरा वर्षांचे असताना बाबा शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात गवळण व्हायचे. आमच्या गावात गवळणीचं लुगडं खोतांच्या घरून मागून आणायची रीत होती. मुलांना नऊवारी नेसता येत नाही, म्हणून खोतांची म्हातारी आई स्वतः नेसवायची. त्यासाठी बाबांना ओटीवर घ्यायची. आमच्यातलं कुणी एरवी त्या ओटीवर चढत नसे. नेसवून झालं की म्हातारी त्यांना पाटावर बसवायची, कपाळाला कुंकू लावायची आणि कपबशीतून चहा द्यायची. "बस गो बाय," म्हणायची. दुसऱ्या दिवशी बाबा लुगडं धुऊन, घडी करून परत द्यायला जायचे. अंगावर आपले कपडे. म्हातारी आतूनच म्हणायची, "ठेव तिथंच पायरीवर."

"तीच म्हातारी?" रेवानं विचारलं.

"तीच की. मी पण तोच. लुगडं तेवढं अंगावर नव्हतं."

बाईंनी टाळी वाजवली. हसून नव्हे, खूप दिवस शोधत असलेली वस्तू सापडल्यावर वाजवतात तशी. मग म्हणाल्या, चालून दाखवा ना. आणि माझे बाबा, त्यांनी घरात कधी गाणंसुद्धा गुणगुणलं नाही, ते कमरेवर घडा धरल्यासारखा हात वळवून चालू लागले. पाऊल आधी टोकावर, मग टाच. खांदा थोडा मागे. मान वळवली आणि मी दिसले.

ते थांबले. हात खाली आला, अंगठा बटणाकडे गेला. तिथं बटण नव्हतं, साधा शर्ट होता.

"झाला काय गो तुझा कोट घालून? बरा दिसतो," ते म्हणाले.

मला कुणाचा जास्त राग आला, अजून ठरवता येत नाही. रेवाचा, की एका फोनवर तिला माझे बाबा मिळाले. बाईंचा, की त्यांनी एका प्रश्नात ते काढून घेतलं जे मी इतक्या वर्षांत विचारलंही नव्हतं. की त्या चालीचा. मी दिसताच ती थांबली होती. सबंध आठवडा मी तालमीला गेले आणि बाईंशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. रेवाची चाल बसवण्यात त्या गुंग होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉलच्या दाराशी स्वागताला उभ्या असलेल्या एका मराठी गृहस्थांनी युनिफॉर्ममधल्या रेवाला अडवलं. टोपी कपाळावर ओढलेली, केस आत. ते हिंदीत म्हणाले, "भैया, ड्रायव्हर लोगों का खाना पीछे है." रेवा धावत आत आली, आनंदानं लाल झालेली. तिनं ते सगळ्यांना सांगितलं, पुन्हा पुन्हा, हिंदीतला आवाज काढून. "पास झालीस," बाई म्हणाल्या आणि तिची पाठ थोपटली. बाबा तिथंच होते. तेही हसले. ते त्या मागच्या जेवणाला कितीदा बसलेत, हे त्यांना आणि मला माहीत होतं. बाईंना ते सुचलं नाही. माणसानं कपड्यात शिरावं याचं त्यांना इतकं अप्रूप होतं, की काहींना त्यातून बाहेर यायला मिळत नाही हे त्या क्षणी त्यांना दिसलं नाही. मी हे आज लिहू शकते. तेव्हा फक्त कोटाच्या आत घाम आला.

आमचा प्रवेश सुरू झाला. पुढच्या खुर्च्यांवर बँकेतली, ऑफिसातली मंडळी, मागे बाकीचे. बाबांना नंतर विमानतळावरून पाहुणे आणायचे होते, म्हणून ते युनिफॉर्मवरच आले होते आणि भिंतीशी उभे होते. रेवा आली. वाकली. तिचा डावा अंगठा खालच्या बटणावर होता.

"कुणाचा माणूस तू?" मी विचारलं.

"ज्यानं अंगावर कपडा घातला त्याचा, सरकार."

बाईंनी मला बजावलं होतं, बापानं लेकीला ओळखायचं नाही, ओळखलं की नाटक खलास. मी रेवाला ओळखत नव्हतेच. तिच्या खांद्यावरून मला हॉलच्या टोकाला तोच कोट दिसत होता, तोच अंगठा. आता मी म्हणायचं होतं, मागच्या दारानं जा. तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना.

"वर ये," मी म्हणाले. "बस इथं."

मंचावर एकच खुर्ची होती, माझी. मी ती पुढे केली. विंगेत बाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, रेवा अडकणार. एवढं मराठी तिच्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर, ती अडकावी असंही मला वाटलं.

रेवानं खुर्चीकडे पाहिलं. मग नजर खाली घेतली आणि बाबांच्या आवाजात, बाबांच्या हेलात म्हणाली, "नको साहेब. मी उभाच बरा."

टाळ्या आधी मागून आल्या, मग पुढून. वाजतच राहिल्या. बाबाही टाळ्या वाजवत होते. कुणासाठी, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

पडद्यामागे बाईंनी माझा दंड धरला. "ओळखलंस तू," त्या म्हणाल्या. "नाटक मोडलंस."

"हो, बाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पहिल्या दिवशी स्वेटरवरच्या डोंगराकडे बघितलं होतं तशा. मी काहीतरी ऐकायला थांबले. मग रेवा आली आणि त्यांनी तिला मिठी मारली.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. जाणाऱ्यांचे कपडे घेणारी बाई स्वतः जायला निघाली, तेव्हा खिडकीतले हँगर त्यांनी वाटून टाकले. रेवाला फुलपाखराचं जाकीट परत मिळालं, वर डॉक्टरचा डगला. मला हिशेब खात्याचा कोट दिला. तो मला नको होता. मला काही घ्यायचं नव्हतं, त्यांनी मागायला हवं होतं.

त्या गेल्या त्या सकाळी माझा पेपर होता. बाबांनी त्यांना विमानतळावर सोडलं. दुपारी ते घरी आले तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. आईनं विचारलं, टोपी काय झाली?

"बाईनी मागितलीनी. दिली. हॉटेलात सांगेन वाऱ्यानं गेली."

मी ताट वाढून घेत होते. चाचांचा मफलर, रेवाचं जाकीट, आता बाबांची टोपी.

"तुझा तो डोंगराचा स्वेटर पण मागितलानी," बाबा हात धुता धुता म्हणाले. "सकाळी विसरलीस ना तू गाडीत, पाठच्या सीटवर. मी नाय दिला."

"का?"

"तुझा हाय तो. ज्याचा कपडा त्याच्याकडून मागायचा, असं त्याच तर सांगायच्या. म्हटलं, तिला विचारा."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, चुकलं माझं. आणि उतरून गेल्या."

मला बाबांवर ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. त्यातलं काहीच केलं नाही. जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा मेसेज आला. मायना नाही, काही नाही. "तो करडा स्वेटर मला देशील का? आणि तो घातल्यावर लोक तुझ्याशी कसं बोलतात, ते कळव."

स्वेटर मी धुतला, भारतात जाणाऱ्या एका माणसाबरोबर बाईंना पाठवून दिला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा ते बाबांच्या टोपीवर, खोतांच्या ओटीवर आणि रेवावर जाऊन थांबलं. हे तिसऱ्यांदा लिहिलं, तेही तसंच झालं आहे.

पण मेसेज आला त्याच दिवशी मी रेवाला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, बाईंचा काही मेसेज? ती म्हणाली, नाही गं, का?

"काही नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर, एसी चालू असून अंगात स्वेटर नसतानाही, बऱ्याच दिवसांनी मला गार वाटत नव्हतं.